विमा नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून विमा नाही

"बोट कोणत्या सालची?" हा विमा कंपन्यांचा पहिला प्रश्न, आणि बहुतेक वेळा शेवटचाही. १९७९ म्हटलं की फोनवरच्या माणसाचा सूरच बदलतो. बोट कशा अवस्थेत आहे, कुठे बांधलेली असते, कोण चालवतं, आजवर किती दावे केले, यातलं काहीही विचारायची त्याला गरज वाटत नाही. "आम्ही पंचवीस वर्षांपुढच्या बोटी घेत नाही." दुसऱ्याची मर्यादा तीस, तिसऱ्याची चाळीस. हा आकडा कुठून आला, असं मी प्रत्येकाला विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. "कंपनीचा नियम आहे" म्हणाले आणि संपलं. तळपायाची आग मस्तकात जाते!

मी मेरीलँडमध्ये राहतो. चेसापीक उपसागराच्या एका खाडीत माझी ३० फुटी, फायबरग्लासची शिडाची बोट आहे. ती विकून टाक, असं सांगणारे पुष्कळ भेटलेत, त्यांनी कृपा करून पुढचं वाचू नये. इथल्या मराठी मंडळींपैकी ज्यांनी जुनी बोट घेतली आहे किंवा जे घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि पोटात साठलेलं कुठेतरी ओकायचं आहे म्हणूनही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मेरीलँडच्या कायद्यात खाजगी बोटीला विमा सक्तीचा नाही. सक्ती करतात ते मरीना, म्हणजे बोट बांधून ठेवायच्या भाड्याच्या जागा, आणि बोटयार्ड, म्हणजे बोटी दुरुस्त करायच्या जागा. जागा भाड्याने हवी तर निदान तीन लाख डॉलरचा, कुठे पाच लाखांचा, दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई करणारा विमा दाखवा, आणि त्या कागदावर मरीनाचंही नाव घाला. ही मागणी मला मान्य आहे. वादळात माझी बोट दोर तोडून शेजारच्याच्या बोटीवर आदळली तर त्याचे पैसे कुणीतरी द्यायलाच हवेत. मी विमा टाळणारा माणूस नाही. विमा द्या म्हणून मी दारोदार फिरतोय, आणि मला तो देत नाहीत, हे दुखणं आहे.

इतकी वर्षं एकाच कंपनीकडे हप्ते भरले. एकही दावा केला नाही. मग नूतनीकरणाच्या वेळी पत्र आलं की बोटीचं वय पाहता नवा सर्व्हे, म्हणजे जाणकाराकडून बोटीची तपासणी, हवा. ठीक. सर्व्हेअर फुटामागे पंचवीस डॉलरच्या आसपास घेतो, आणि बोट पाण्याबाहेर उचलायचे यार्डचे पैसे निराळे. सगळे मीच भरले. माणूस चांगला होता, त्याच्यावर माझा राग नाही. हातोडीने सगळा तळ ठोकून आवाज ऐकला, ओलावा मोजायचं यंत्र डेकवर इंचाइंचाने फिरवलं, बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, डोकं घालून एकेक व्हॉल्व्ह उघडून-मिटून पाहिला. तळ भक्कम आहे, कील, म्हणजे तळाखालचा जड कणा, आणि तळ यांचा सांधा ठीक आहे, इंजिन व्यवस्थित चालतं, हे सगळं त्याने स्वच्छ लिहिलंय. त्यासोबत दुरुस्त्यांची यादीही दिली. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा जुन्या झाल्यात, बदला. तळातून बाहेर जाणारे दोन व्हॉल्व्ह बदला. कठड्याच्या खांबांपाशी डेकच्या आतलं बाल्सा लाकूड ओलं आहे, ते काढून नवं भरा. किनाऱ्यावरच्या विजेची जोडणी आजच्या मानकांप्रमाणे नाही.

ही मानकं अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलची. १९५४ पासूनची संस्था, कार्यालय इथेच ॲनापोलिसला. मानकं चांगली आहेत आणि ऐच्छिक आहेत. विजेच्या गळतीने पाण्यात पोहणाऱ्याचा जीव जातो, त्यामुळे गळती होताच वीज तोडणारा खटका मी बसवणारच, कुणी न सांगताही बसवला असता. पण १९७९ सालच्या बोटीने आजच्या पुस्तकातला प्रत्येक नियम पाळला पाहिजे, नाहीतर ती "त्रुटीयुक्त", ही कुठली रीत? सर्व्हेअरने "सुचवतो" असं लिहिलं होतं. कंपनीतल्या कुणीतरी, ज्याने ही बोट कधी पाहिलेली नाही, त्या सगळ्या सूचना उचलून अटी केल्या. तीस दिवसांत यादीतलं सगळं पूर्ण करा, तसं सही-शिक्क्याचं पत्र द्या, नाहीतर पॉलिसी संपली.

पत्र आलं जानेवारीत. जानेवारीत! चेसापीकमध्ये तेव्हा खाडीच्या काठाला बर्फ धरलेला असतो. ओला डेक उघडायचा, आतलं लाकूड काढायचं, वाळवायचं, एपॉक्सी (दोन द्रव मिसळून घट्ट होणारी राळ) भरायचं, हे काम उघड्यावर थंडीत होतच नाही. साधारण दहा अंश सेल्सिअसच्या खाली नेहमीचं एपॉक्सी नीट घट्ट होत नाही, हे डब्यावरच छापलेलं असतं. तारा बदलणारे कारागीर वसंतापर्यंत आगाऊ गुंतलेले. मी मुदतवाढ मागितली, कारण लिहून दिलं, तापमानाचे तक्तेसुद्धा पाठवले. उत्तर दोन ओळींचं: अटी सगळ्या ग्राहकांना सारख्याच आहेत. फ्लोरिडाला आणि मेरीलँडला जानेवारी सारखाच असतो का? बोटींचा विमा विकणाऱ्या कंपनीला बोट कोणत्या ऋतूत दुरुस्त होते हे माहीत नसावं, याची चीड येते.

पॉलिसी संपली. आणि खरा छळ तिथून सुरू झाला.

दुरुस्तीसाठी बोट पाण्याबाहेर काढायची तर यार्ड म्हणतं, आधी विम्याचं प्रमाणपत्र दाखवा. विमा कंपनी म्हणते, आधी दुरुस्ती झाल्याचं पत्र दाखवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही! इकडे मरीनाची नोटीस आली की प्रमाणपत्राची मुदत संपलीय, जागा खाली करा. खाली करून नेऊ कुठे? ज्या मरीनाला विचारावं तिचीही पहिली मागणी तोच कागद. नांगर टाकून खाडीत उभी करू? थंडीत, माणूस नसताना, तारा जुन्या आहेत असं लिखित अहवालात आलेलं असताना? म्हणजे सुरक्षिततेच्या नावाखाली या सगळ्यांनी मिळून बोट होती त्यापेक्षा धोक्याच्या जागी ढकलायची व्यवस्था केली आहे. बांधलेली, पंप चालू असलेली, रोज कुणाच्या ना कुणाच्या नजरेखाली असलेली बोट उठवायची आणि उघड्यावर सोडायची.

बरं, काम मी स्वतः करतो म्हटलं तर कित्येक यार्डांत मालकाला पाण्याच्या रेषेखालचं काम करू देत नाहीत. बाहेरचा कारागीर आणायचा तर त्याचा स्वतःचा विमा हवा. उरतो यार्डचा माणूस, तासाला शंभर डॉलरच्या वर. जी बोट बाजारात काही हजार डॉलरला जाते तिच्या डेकवर तेवढेच पैसे पुन्हा ओतायचे. तेही मी ओतायला तयार आहे, लक्षात घ्या. पैसे हातात घेऊन उभा आहे आणि कुणी काम करू देत नाही.

आता मला जे सगळ्यात जास्त खटकतं ते. पॉलिसीचं पुस्तक काढा आणि वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. झीज: भरपाई नाही. हळूहळू होणारा ऱ्हास: नाही. गंज, कुजणं, ओलावा, देखभालीअभावी झालेलं नुकसान: नाही, नाही, नाही. वयामुळे बोटीचं जे जे बिघडतं त्याची भरपाई ते करतच नाहीत. मग वय पाहून दार का लावता? डेकमधलं लाकूड कुजलं तर तो खर्च माझा, तुमचा एक डॉलर जाणार नाही, हे तुम्हीच छापलंय. आणि मी तर बोटीच्या किमतीचा विमासुद्धा मागत नव्हतो. बोट बुडाली तर मला काही देऊ नका, फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा द्या, एवढंच मागणं होतं. कठड्याच्या खांबापाशी बाल्सा ओला आहे म्हणून मी शेजाऱ्याला धडकणार आहे का?

यावर एका एजंटने दिलेलं उत्तर मात्र खरं होतं, ते सांगायला हवं. बोट बुडाली तर ती पाण्यातून काढायचा आणि सांडलेल्या तेलाचा खर्च याच विम्यात येतो, आणि तो खर्च बोटीच्या किमतीच्या अनेक पट होऊ शकतो. कबूल. मग बुडवणाऱ्या गोष्टी तपासा: तळातले व्हॉल्व्ह, पाइप, पंप, सुकाणूचा दांडा. त्यासाठी दोन व्हॉल्व्ह बदलायची अट घाला, मी आठवड्यात बदलतो. पण तसं कुणी वेगळं काढून बघतच नाही. यादीतलं बोट बुडवणारं कलम आणि डेक थोडा मऊ करणारं कलम त्यांना एकाच वजनाचं. वाचायला माणूस बसवलेलाच नाही, संगणकाच्या खिडकीत रकाने बसवलेत.

दुसरं उत्तर ठरलेलं: वादळं. सप्टेंबर २०२२ मध्ये इयान फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळलं, बोटींचे ढीग रस्त्यावर आले, आणि त्यानंतर बाजार आखडला, पुनर्विमा, म्हणजे विमा कंपन्या स्वतःसाठी घेतात तो विमा, महागला. समजतं मला. चेसापीकलाही वादळं येतात, २००३ च्या इझाबेलने ॲनापोलिसच्या रस्त्यांत पाणी चढवलं होतं. त्यासाठी वादळाच्या वेळी बोट कुठे हलवणार याचा लेखी आराखडा मागतात, नाव दिलेल्या वादळाच्या नुकसानीतला पहिला मोठा वाटा मालकाच्या माथी मारतात, हप्ता वाढवतात. सगळं भरतो की आम्ही. पण वादळ बोटीचं साल विचारून येत नाही. इयानने नव्याकोऱ्या, लाखो डॉलरच्या बोटीही तशाच उचलून आपटल्या, आणि कंपन्यांचे खरे पैसे त्यांतच गेले असणार. त्याची शिक्षा माझ्या जुन्या बोटीला कशासाठी?

आणि "जुनी" म्हणजे काय? १९५९ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये पिअरसन ट्रायटन ही २८ फुटी फायबरग्लासची बोट आली आणि शिडाच्या बोटी कारखान्यात एका साच्यातून निघू लागल्या. त्यातल्या कित्येक आजही पाण्यात आहेत. तेव्हाचे तळ जाड थरांचे. लाकडासारखा हा तळ किडत नाही, पोलादासारखा गंजत नाही. बदलावं लागतं ते वरचं: तारा, व्हॉल्व्ह, वायरिंग, शिडं. ते बदललं की बोट पुढची वीस वर्षं चालते. म्हणजे साल सांगून काहीच कळत नाही, शेवटची तार कधी बदलली हे विचारा. हे बोटीवर हात ठेवलेला कुणीही सांगेल.

माझं लहानपण हर्णैला गेलं. तिथे बोट दुरुस्तीला आली म्हणजे ती वाईट, असं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. जूनमध्ये मासेमारी बंद झाली की बोटी वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या, फटी बुजवायच्या, फळ्या बदलायच्या, रंग काढायचा, आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा दर्याला. दरवर्षी. बोट ही कायम दुरुस्तीतच असणारी वस्तू आहे. दुरुस्तीची यादी असणं म्हणजे कुणीतरी तिची काळजी घेतंय. ज्या बोटीची यादीच नाही तिची धास्ती घ्यावी!

याचा परिणाम काय होतोय ते खाडीत फिरलात तर दिसतं. विमा मिळत नाही म्हणून जागा नाही, जागा नाही म्हणून मालक हात टेकतो, बोट एक डॉलरला कुणाला तरी देऊन टाकतो, तो ती कुठेतरी नांगरून गायब होतो, आणि एका वादळात ती काठावर येऊन पडते. बेवारस. मेरीलँडमध्ये बोट घेताना पाच टक्के कर भरावा लागतो. तो जलमार्ग सुधारणा निधीत जातो आणि याच निधीतून राज्य बेवारस बोटी उचलतं. माझ्याच पैशांनी. फायबरग्लासचं पुढे फारसं काही होत नाही, बहुतेक वेळा तुकडे करून कचऱ्याच्या डेपोत गाडतात. कंपनीने एक धोका आपल्या वहीतून खोडला आणि तो सगळ्यांच्या पाण्यात आणून टाकला.

मार्ग नाही असंही नाही, म्हणून जास्त संताप येतो. मोठ्या जहाजांसाठी पोर्ट रिस्क नावाचा विमा असतो. जहाज बंदरात आहे, दुरुस्तीत आहे, समुद्रात जाणार नाही, तेवढ्या काळापुरता. तसा सहा महिन्यांचा विमा तीस फुटी बोटीला द्या. हप्ता जास्त लावा. बोट यार्डच्या बाहेर नेणार नाही असं लिहून घ्या. बुडवणारी कलमं आधी, डेक उन्हाळ्यात, अशी क्रमवार मुदत द्या. शेवटी तोच सर्व्हेअर पुन्हा येऊन पाहील, त्याचे पैसेही मी देतो. असं सगळं मी लिहून पाठवलं. मेरीलँडच्या विमा आयुक्तांकडे तक्रारही टाकली आहे.

ज्यांची पॉलिसी अजून चालू आहे त्यांना एवढंच सांगतो: नूतनीकरणाच्या पत्राची वाट न बघता सर्व्हे ऑगस्टमध्येच करून घ्या, बोट उचललेली असतानाच तळातले व्हॉल्व्ह बदलून टाका, आणि ऊन आहे तोवर डेक उघडा. जानेवारीत यांना हवा कळत नाही.