पिस्तुलाच्या परवान्याची अट कोर्टाने काढली? कुठल्या निकालात?

‘अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये राज्यांचे बंदूक-कायदे उडवले. आता परवाना नको, कुणीही पिस्तूल लावून कुठेही फिरावं. तिकडे शिकणाऱ्या आपल्या मुलांनीही एक घेऊन ठेवावं.’ या धाटणीचा मजकूर फॅमिली ग्रुपांवर फिरतो आहे.

आधी परवान्याचं बघू. न्यूयॉर्कमध्ये घराबाहेर पिस्तूल बाळगायला चारचौघांपेक्षा वेगळी, खास गरज दाखवावी लागे, आणि ती पटली की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. २०२२च्या त्या निकालात, म्हणजे ब्रुएन खटल्यात, कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी ती अट काढली. न्यू जर्सी, मेरीलँड, कॅलिफोर्निया अशा मोजक्या राज्यांत तशीच पद्धत होती, तीही गेली. अटी पूर्ण केल्या की परवाना द्यायचाच, अशी पद्धत असलेल्या राज्यांना धक्का लागला नाही. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मत लिहून सांगितलं की बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, प्रशिक्षण या अटी राज्यांना घालता येतील. सरन्यायाधीश रॉबर्ट्स त्यांच्याशी सहमत होते. न्यूयॉर्कने त्याच वर्षी नवा कायदा केला: १६ तासांचा वर्ग, २ तास प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव. एवढं करून परवाना मिळाला, तरी टाइम्स स्क्वेअरमध्ये पिस्तूल न्यायला मनाई.

(आजचा कायदा इतिहासातल्या नियमांशी ताडून बघायची ब्रुएनची कसोटी मला स्वतःला विचित्र वाटते. पण म्हणून निकालात नसलेलं त्यात घुसडायचं का?)

विनापरवाना बाळगायची मुभा आज २९ राज्यांत आहे, हे खरं. ती दिली तिथल्या विधिमंडळांनी. टेक्सासने २०२१ मध्येच दिली, म्हणजे निकालाच्या आधी. व्हरमाँटने तर परवाना कधी मागितलाच नव्हता.

‘कुठेही’ म्हणाल, तर त्याच टेक्सासमध्ये बारच्या दारावर लाल ‘५१%’ची पाटी दिसते. ज्यांची निम्म्याहून अधिक कमाई दारूची, तिथे बंदूक नेणं गुन्हा. आणि टेक्सासचा परवाना न्यू जर्सीत चालत नाही; ते काही ड्रायव्हिंग लायसन्स नव्हे.

‘कुणीही’ला उत्तर याच कोर्टाने २०२४ मध्ये रहिमी खटल्यात दिलं. घरगुती हिंसाचारामुळे ज्याच्यावर मनाई-हुकूम आहे, त्याला बंदूक नाकारणारा कायदा ८ विरुद्ध १ मतांनी कायम राहिला.

मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य शेवटचं. एफ-१ व्हिसावर शिकणारा किंवा एच-१बी व्हिसावर नोकरी करणारा, यांना बंदूकच काय, काडतूसही जवळ ठेवायला संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे. वैध शिकार-परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर राज्य कितीही उदार असो, फरक पडत नाही. शिक्षा १५ वर्षांपर्यंत. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. पण मुलगा नुकताच ह्यूस्टनला पोचला असेल, तर मित्राचं पिस्तूल फोटोपुरतं हातात घेण्याआधीही त्याने वकिलाला विचारावं.