थर्मल पेस्ट बदलली की जुना लॅपटॉप नवा होतो?

"लॅपटॉप तीन वर्षांचा झाला की प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळते. जुनी खरवडून काढा, दर सहा महिन्यांनी नवी भरपूर लावा, पेस्ट नसेल तर टूथपेस्टही चालते. तापमान ३० अंशांनी उतरेल आणि मशीन नव्यासारखं पळेल." उन्हाळा लागला की हा मजकूर ग्रुपांवर फिरायला लागतो. थर्मल पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग (हीटसिंक) यांच्या मधल्या फटी भरणारा लेप. जुन्या लॅपटॉपला कधीतरी नवी पेस्ट लागते, एवढं त्यात खरं आहे. बाकीच्यावर विसंबून लोक घरातला एकुलता एक लॅपटॉप उघडतात. त्यावरच मुलांचा अभ्यास चालतो, म्हणून हे तपासून घेणं भाग आहे.

आधी वेगाचं बघू, कारण लोक भुलतात ते त्यालाच. चालू करायलाच पाच मिनिटं लागत असतील तर विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून पाहा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल, तर दोष बहुधा फिरत्या हार्ड डिस्कचा किंवा अपुऱ्या रॅमचा आहे. तिथे एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्यावर जो फरक पडतो, तो जगातली कुठलीही पेस्ट पाडू शकत नाही. पेस्ट उपयोगी पडते ती प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करत असेल तेव्हाच. रीफर्बिश्ड बाजारात भरपूर दिसणाऱ्या थिंकपॅड टी४८० मधल्या आय५-८२५०यू प्रोसेसरची तापमर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. त्या मर्यादेजवळ पोचला की तो क्लॉक, म्हणजे स्वतःचा कामाचा वेग, खाली आणतो.

त्यामुळे "३० अंश उतरेल" हा हिशोबही चुकतो. गर्मीमुळे अडलेल्या प्रोसेसरला चांगला संपर्क मिळाला, की तो मिळालेली सवलत जास्त वेगासाठी वापरतो. आकडा ९५ चा ९० होईल, कधी तेवढाच राहील, पण क्लॉक वर गेलेला दिसेल. म्हणून एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा.

ही तपासणी आणखी एक गोष्ट सांगते, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. जड काम सुरू करताच तापमान एक-दोन सेकंदांत ९५ च्या पुढे उडी मारतं आणि काम थांबताच तितक्याच झटक्यात कोसळतं का? मग चिप आणि हीटसिंक यांचा संपर्क बिघडलाय; पेस्टवर संशय घ्यायला जागा आहे. पण ते मिनिटामिनिटाने चढत जात असेल, पंखा जोरात घोंघावत असेल आणि बाहेर मात्र हवेची जेमतेम झुळूक येत असेल, तर वाट धुळीने अडवली आहे. पंखा आणि हीटसिंकच्या बारीक पात्यांच्या मधोमध तंतू आणि धूळ दाबून बसते आणि नमद्यासारखी जाड करडी पट्टी तयार होते. बाहेरून ती दिसतही नाही. मागचं झाकण काढून, पंख्याची पाती बोटाने धरून ती धुळीची पट्टी काढली की पुष्कळ वेळा काम तिथेच भागतं. पंखा मोकळा सोडून ब्लोअर मारला तर तो भलत्याच वेगाने फिरून खराब होऊ शकतो. आणि चंद्रपूर-नागपुरात खोलीच ४० अंशांवर असेल, तर आत जाणारी हवाही तेवढीच तापलेली असते. त्यावर पेस्टचा इलाज नाही.

आता "वाळते"बद्दल. जुनी पेस्ट कोरडी पडते हे खरं, पण लॅपटॉपमध्ये आणखी एक प्रकार चालतो. इथे चिप सहसा उघडी असते, डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं. तापणं-निवणं चालू राहिलं की पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. हीटसिंक उचललं की मध्ये चिप आरशासारखी चकाकते आणि भोवती पेस्टचा बांध साचलेला असतो. पातळ पेस्ट लवकर सरकते. दर सहा महिन्यांनी बदलावी लागत असेल तर निवडलेली पेस्टच चुकीची आहे. घट्ट पेस्ट घ्या, किंवा हनीवेलच्या पीटीएम७९५० सारखा साधारण ४५ अंशांना मऊ होणारी, पेस्टऐवजी लावायची पातळ चकती. प्रत्येक वेळी उघडताना प्लास्टिकचे लॉक आणि नाजूक कनेक्टर पणाला लागतात, हेही धरा.

"भरपूर लावा" हेही नको. तांब्याची उष्णतावाहकता (वॅट प्रति मीटर-केल्विनमध्ये) ४०० च्या आसपास, बऱ्याचशा पेस्टची ५ ते १०, हवेची ०.०३ सुद्धा नाही. पेस्टचं काम फक्त फटींतली हवा हटवण्याचं. थर जितका पातळ तितका बरा, पण उघड्या चिपचे चारही कोपरे झाकले गेले पाहिजेत.

टूथपेस्टमध्ये पाणी असतं, ते उडून जातं आणि मागे तडकलेली खडूसारखी पूड उरते. विषय संपला.

खरवडणं मात्र खरंच घातक. ब्लेडने चिपची कड तुटते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने निघते, तीही बॅटरीची जोडणी सोडवल्यावर. टी४८० मध्ये बाहेरची बॅटरी काढली तरी आत दुसरी असते. ती आधी बायोसमधून (लॅपटॉप सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमधून) बंद करावी लागते. काही मॉडेलांत ग्राफिक्सच्या मेमरीवर मऊ थर्मल पॅड असतात. ते अर्धा-एक मिलिमीटरची फट भरतात. ते काढून तिथे पेस्ट फासली तर मेमरी हीटसिंकला टेकतच नाही.

दुकानात देणार असाल तर तापमान आणि क्लॉकचे आधीचे आकडे फोटो काढून ठेवा. काम झाल्यावर पैसे देण्याआधी तोच प्रोग्रॅम तिथेच दहा मिनिटं चालवायला सांगा.