‘स्वतः शिकलेल्याला मास्टर्स कशाला?’ या मेसेजला उत्तर

ऐरोलीच्या माइंडस्पेसपासून वागळे इस्टेटपर्यंत आयटीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : कोडिंग स्वतः शिकला असाल तर कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्सच्या नादी लागू नका. सगळं यूट्यूबवर फुकट आहे, डिग्री कोणी विचारत नाही, चाळीस लाख आणि दोन वर्षं मात्र जातात. बीकॉम, बीएस्सी करून हिमतीने या क्षेत्रात आलेली मुलं हे मनावर घेतात आणि चौकशीसुद्धा करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून लिहिते आहे.

आधी चाळीस लाख. हा अंदाज अमेरिकेत राहून शिकण्याचा. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाचं ऑनलाइन मास्टर्स २०१४ पासून सुरू आहे. दहा विषय, एकूण खर्च साधारण ७,००० डॉलर. कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाच्या ऑनलाइन मास्टर्सला जुनी गुणपत्रिकाही लागत नाही, ठरलेले सुरुवातीचे विषय चांगल्या ग्रेडने पास केले की प्रवेश. आपल्याकडे एमसीए आता दोनच वर्षांचं आहे आणि बारावीला गणित असलेल्या बीकॉमवाल्यालाही त्याची वाट मोकळी आहे.

दोन वर्षं जातात, हे नोकरी सोडली तरच खरं. जॉर्जिया टेकला वर्षात तीन सत्रं असतात. प्रत्येक सत्रात एकच विषय घेतलात तरी साडेतीन वर्षांत डिग्री हातात येते, पगार सुरू ठेवून. शनिवार-रविवार जातात, हे मात्र कबूल.

आता ‘सगळं फुकट आहे’. व्याख्यानं आहेतच. आयआयटींच्या प्राध्यापकांचे कोर्स देणारं एनपीटीईएल आहे, अमेरिकेतल्या एमआयटीच्या डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सची (अनेक कॉम्प्युटर मिळून एक काम कसं करतात, या विषयाची) व्याख्यानं आणि लॅबसुद्धा सगळ्यांना खुली आहेत. पण स्वतः शिकणारा माणूस काय शिकतो, ते त्याचं काम ठरवतं. चार वर्षं स्प्रिंग बूट आणि रिॲक्ट या वेब ॲप बनवायच्या तयार साधनांवर काढलेला मुलगा डेटाबेसची क्वेरी हळू चालली की इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी, माहिती पटकन शोधून देणारी यादी) लावतो. कॉलमभोवती फंक्शन गुंडाळलं की तोच इंडेक्स बहुतेकदा वापरलाच जात नाही, हे त्याला प्रॉडक्शन अडकल्यावर कळतं. दोन ग्राहकांना एकच सीट बुक झाली तर तो कोडमध्ये आणखी एक ‘इफ’ घालतो. हा ट्रान्झॅक्शन आयसोलेशनचा, म्हणजे एकाच वेळी चाललेले डेटाबेसचे व्यवहार एकमेकांत मिसळू न देण्याचा प्रश्न आहे, हेच माहीत नसल्यामुळे तो शोधणार तरी काय? ज्याचं नाव ठाऊक नाही ते यूट्यूबवर सापडत नाही. नीट आखलेला अभ्यासक्रम नावडते विषयही समोर आणतो, तुमचं उत्तर कोणीतरी तपासतं, चुकलं तर गुण कापतं. हे फुकटात क्वचितच मिळतं.

‘डिग्री कोणी विचारत नाही’ हे छोट्या स्टार्टअपपुरतं बऱ्यापैकी खरं आहे. पण मोठ्या कंपन्यांच्या कितीतरी जाहिरातींत आजही ‘बीई, बीटेक, एमसीए’ अशी अट असते आणि चाळणी लागते ती मुलाखतीच्या आधी. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसालाही संबंधित विषयातली पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव दाखवावा लागतो. तिथे तीन वर्षांचा अनुभव शिक्षणाच्या एका वर्षाबरोबर धरतात. मात्र ठाण्यात बसून केलेल्या ऑनलाइन मास्टर्सवर अमेरिकेत शिक्षणानंतर काम करायची ओपीटी परवानगी मिळत नाही. ती तिथे जाऊन शिकणाऱ्यांना आहे, या शाखेसाठी एक वर्ष आणि वर दोन वर्षांची मुदतवाढ. तिकडे स्थायिक व्हायचं असेल तर स्वस्त पर्याय पुरणार नाही.

मेसेज एका माणसाला लागू पडतो : ज्याच्याकडे कॉम्प्युटरचं बीई आहे आणि ज्याला त्याच कामात फक्त पगारवाढ हवी आहे. त्याने कंपनी बदलावी, लवकर होईल.

बाकीच्यांनी पैसे भरण्याआधी एनपीटीईएलचा अल्गोरिदम्सचा एक कोर्स सगळ्या असाइनमेंटसकट करावा आणि केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी. नोकरी सांभाळून ते जमलं आणि पुढचं शिकावंसं वाटलं, तर अर्ज भरा.