नुसतं सांभाळणं नाही हो हे
लेखात लर्निंग डिसॅबिलिटी नर्सिंगला, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांच्या नर्सिंगला, 'प्रेमाने सांभाळायचं काम' म्हटलंय ते अजिबात पटलं नाही. ब्रिटनमध्ये ही अ‍ॅडल्ट, चाइल्ड, मेंटल हेल्थसारखीच नर्सिंगची वेगळी शाखा आहे, डिग्री करून रजिस्ट्रेशन घ्यावं लागतं. बोलता न येणारा माणूस अचानक डोकं आपटायला लागला की बाकीचे म्हणतात त्याचा स्वभावच तसा, पण ही नर्स आधी कान बघते, दात दुखतोय का बघते, पोट साफ होतंय का विचारते, कारण साध्या बद्धकोष्ठतेनेही अशी माणसं दगावलीत, वेळेवर कोणाच्या लक्षातच आलं नाही म्हणून. इंग्लंडमध्ये अशा माणसांना वयाच्या 14 व्या वर्षापासून पुढे दरवर्षी हेल्थ चेक मिळतो, तो खरंच होतोय ना म्हणून मागे लागणारीही बऱ्याचदा हीच. एवढं महत्त्वाचं फिल्ड आणि शिकायला येणारे कमी होतायत, याचं फार वाईट वाटतं.