युक्तिवाद नंतर, आधी तारखा

कर्मचारी हक्क आणि शिक्षण कायद्यातल्या वकिलीवरचा लेख चांगला आहे, पण सगळा भर कोर्टातल्या युक्तिवादावर पडलाय. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या प्रकरणांत तरी निम्मं काम कागदांतच होतं. १९७७ च्या एमईपीएस कायद्याच्या (महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा) कलम ९ नुसार बडतर्फीचा आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करायचं असतं. शिक्षक बिचारे आधी शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज-विनंत्या करत बसतात आणि तेवढ्यात मुदत टळते. मग उशीर माफ करा म्हणून विलंबमाफीचा अर्ज, आणि पहिला वाद त्यावरच.

'जबरदस्तीने राजीनामा लिहून घेतला' ही तर नेहमीची तक्रार. नवख्या वकिलाने इथे कलम ७ उघडावं: राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला, दुसरी स्वतःकडे. कोऱ्या कागदावर सही घेऊन मजकूर नंतर भरला असेल, तर पोस्टाचा शिक्का असलेलं पाकीट संस्था आणणार कुठून? शाळेची आवक नोंदवही (आलेल्या टपालाची वही) जरूर मागवा. मध्येच घुसडलेली नोंद शाईवरून आणि दाटीवाटीने लिहिलेल्या ओळीवरून लगेच दिसते.

बडतर्फीआधी खात्यांतर्गत चौकशी झाली असेल तर याच कायद्याखालच्या नियमावलीतल्या नियम ३६ प्रमाणे चौकशी समितीची रचना तपासा. तिघांत एक कर्मचाऱ्याने सुचवलेला आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षक हवा.

एक मात्र अशिलाला पहिल्याच भेटीत विचारा: नेमणूक जाहिरात देऊन झाली होती का, जागा आरक्षित होती का? मूळ नेमणूकच कलम ५ प्रमाणे (नेमणुकीबाबतचं कलम) नसेल, तर बाकी सगळं भक्कम असूनही अपील तिथेच अडकतं.