पंखा फिरतो, डिस्प्ले नाही : म्हणून मदरबोर्ड गेला का?

गेले काही महिने एकच मेसेज मला वेगवेगळ्या लोकांकडून येतो आहे. ‘जुना पीसी सुरू होत नाही? वेळ घालवू नका’ असं त्याचं शीर्षक. मजकूर थोडक्यात असा : पीसी पाच-सहा वर्षांहून जुना असेल आणि बटण दाबून डिस्प्ले येत नसेल, तर मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड) गेला. पंखा फिरत असेल तर एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) चांगला आहे. बीप आला नाही तर प्रोसेसरही गेला. रॅम खोडरबरने घासून बघा, सेल बदलून बघा, तरी नाही झालं तर विंडोज फॉरमॅट मारा, म्हणजे डिस्क पुसून ते नव्याने टाका. एवढं करूनही हलला नाही तर डेटा गेला समजा आणि मशीन भंगारात द्या.

मी वीसेक वर्षं जुने डेस्कटॉप उघडतो आणि जोडतो. हा मेसेज वाचून मला वाईट वाटतं, कारण त्याच्या भरवशावर चालू होऊ शकणारी मशीनं टाकली जातात. त्याहून वाईट म्हणजे काहीही न झालेल्या डिस्क पुसल्या जातात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मुळात ‘सुरू होत नाही’ ही तक्रार आहे, निदान नाही. तिच्या पोटात किमान चार वेगळ्या अवस्था असतात. बटण दाबलं तरी काहीच होत नाही, ही एक. पंखा फिरतो आणि दोन-चार सेकंदांत सगळं बंद पडतं, ही दुसरी. पंखा फिरत राहतो पण पडदा काळाच, ही तिसरी. आणि बोर्डाच्या कंपनीचं नाव पडद्यावर येतं पण विंडोज येत नाही, ही चौथी. चौथ्या अवस्थेत बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि डिस्प्ले हे सगळे कामावर हजर असतात, तरी तिथेही लोक ‘मदरबोर्ड गेला’ म्हणतात. मला कोणी फोन केला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कुठपर्यंत जातो?

‘जुना पीसी सुरू झाला नाही म्हणजे मदरबोर्ड गेला.’

बोर्डापर्यंत जायच्या आधी पाहायच्या गोष्टी पुष्कळ आहेत, आणि त्यांना स्क्रूड्रायव्हरही लागत नाही. सॉकेटला वीज आहे का, हे दुसरं काहीतरी लावून बघा. एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच चालू आहे का, पॉवर केबल पूर्ण आत गेली आहे का, ते बघा. मॉनिटरची केबल कुठे लावली आहे, हे तर नक्की बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनवर धूळ पुसल्यावर केबल चुकून बोर्डाच्या पोर्टात लावली जाते, आणि बहुतेक बोर्ड कार्ड दिसलं की आपलं स्वतःचं पोर्ट बंद ठेवतात. मशीन आत व्यवस्थित सुरू असतं, आपण काळ्या पडद्याकडे बघत बसतो.

एका परिचितांच्या मशीनवर ‘बोर्ड डेड’ असा शेरा आधीच बसला होता. बटण दाबलं की काही नाही. कॅबिनेट उघडलं तेव्हा बोर्डावरचा बारीक हिरवा दिवा लागलेला होता. तो दिवा स्टँडबायच्या, म्हणजे मशीन बंद असतानाही बोर्डाला मिळणाऱ्या, ५ व्होल्टवर चालतो, म्हणजे वीज बोर्डापर्यंत येत होती. पुढच्या पॅनेलकडून पॉवर स्विचची दोन वायरींची छोटी जोडणी येते ती काढली, आणि उघड्या पडलेल्या त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. मशीन सुरू झालं. दोष बटणात होता, आतली पत्ती झिजली होती. रीसेट बटणाची वायर त्या दोन पिनांवर लावली, आणि ‘डेड’ बोर्ड पुढे रीसेटच्या बटणावर रोज सुरू होऊ लागला.

याच्या उलटही होतं. बटण दाबल्यावर आतच अडकून राहिलं तर मशीन सुरू होतं आणि चारेक सेकंदांनी बंद पडतं, कारण बटण तेवढा वेळ दाबून धरणं म्हणजे बोर्डाला ‘बंद हो’ असं सांगणंच आहे.

‘पंखा फिरतोय, म्हणजे एसएमपीएस ठीक आहे.’

या मेसेजमधलं सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच. यामुळे दोष असलेला भाग निर्दोष ठरतो आणि निर्दोष बोर्ड बदलला जातो.

पंखा १२ व्होल्टचा असतो, पण तो ७ व्होल्टवरही फिरतो. प्रोसेसरला इतकं चालत नाही. एटीएक्स या डेस्कटॉपच्या नेहमीच्या पद्धतीच्या सप्लायमध्ये (म्हणजे एसएमपीएसमध्ये) १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या मुख्य लाइन असतात आणि त्यांत पाच टक्क्यांपर्यंतच फरक चालतो : १२ ची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत, ५ ची ४.७५ ते ५.२५ च्या आत. या लाइन स्थिर झाल्या की सप्लाय राखाडी वायरीवरून बोर्डाला ‘आता सुरू कर’ असा इशारा देतो. तो इशारा येईपर्यंत बोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्येच धरून ठेवतो. म्हणजे पंखा जोरात फिरतो, दिवा लागतो, आणि प्रोसेसरने एकही सूचना चालवलेली नसते. पडदा काळा राहणारच.

माझ्या स्वतःच्या जुन्या मशीनने मला हे शिकवलं. सकाळी ते पहिल्या दाबाला सुरू व्हायचं नाही. पाचव्या-सहाव्या वेळी व्हायचं, आणि एकदा झालं की दिवसभर नीट चालायचं. थंड असताना रुसणारं आणि तापल्यावर चालणारं मशीन दिसलं की आता मी आधी एसएमपीएसमधल्या वाळलेल्या कपॅसिटरवर (वीज साठवून ती स्थिर ठेवणाऱ्या नळकांड्यांवर) संशय घेतो. तेव्हा मात्र मी रॅम बदलली, स्लॉट बदलला, आणि बोर्ड बदलायच्या तयारीत होतो. शेवटी मल्टिमीटरची (व्होल्ट मोजायच्या यंत्राची) काळी टोकणी कॅबिनेटच्या धातूला लावली, लाल टोकणी १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरीच्या कनेक्टरमध्ये मागून घातली आणि बटण दाबलं. आकडा १०.९ वर आला आणि तिथेच डुगडुगत राहिला. पंखा मात्र अगदी नेहमीसारखा फिरत होता. दुसरा सप्लाय लावला, पहिल्या दाबाला डिस्प्ले आला.

हिरवी वायर काळ्या वायरीला क्लिपने जोडून सप्लाय वेगळा सुरू करून बघायची युक्ती बरेच जण सांगतात. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. तिने सप्लाय सुरू होतो एवढंच कळतं, भार आल्यावर तो टिकतो का हे कळत नाही. माझा तो खराब सप्लाय या चाचणीत सहज पास झाला होता. काही तयार ब्रँडेड मशीनच्या कनेक्टरमध्ये वायरींचा क्रमच वेगळा असतो, तिथे रंगावर विसंबून क्लिप लावू नये.

आणखी दोन गोष्टी इथेच सांगतो. प्रोसेसरला वीज देणारा चार किंवा आठ पिनांचा वेगळा कनेक्टर प्रोसेसरच्या शेजारी असतो. साफसफाईनंतर तो लावायचा राहिला तर पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही. आणि कुठे शॉर्ट जाणवलं तर सप्लाय स्वतःला बंद करून घेतो आणि बऱ्याचदा मुख्य वीज तोडेपर्यंत तसाच अडून राहतो. केबल काढून, पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरून, मग पुन्हा लावून बघण्यात जो अर्थ आहे तो हाच. शॉर्टचं कारण कधी कधी अगदी किरकोळ निघतं, जसं पुढच्या यूएसबी पोर्टातली वाकलेली पिन.

एसएमपीएस उघडू मात्र नका. २३० व्होल्टचा पुरवठा असेल तर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त चढतात आणि केबल काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात. सप्लाय बाहेरून मोजायचा आणि अख्खा बदलायचा.

‘बीप आला नाही म्हणजे प्रोसेसर गेला.’

बीप यायला वाजणारं काहीतरी असावं लागतं. कित्येक बोर्डांवर बझर नसतो, फक्त स्पीकर लावायच्या चार पिना असतात, आणि कित्येक कॅबिनेटमध्ये तो स्पीकर कधी लावलेलाच नसतो. अशा मशीनच्या शांततेतून काहीच सिद्ध होत नाही.

स्पीकर असेल तर मात्र त्याच्याकडून फार मोलाची माहिती काढता येते. मशीन बंद करा, केबल काढा, सगळी रॅम काढा आणि मग सुरू करा. बोर्ड लांब किंवा पुन्हा पुन्हा बीप देऊ लागला तर आनंद माना. ‘रॅम नाही’ ही तक्रार करायला प्रोसेसर चालावा लागतो आणि बायोस (बोर्डावरच साठवलेला, सुरुवातीची तपासणी करणारा प्रोग्रॅम) वाचला जावा लागतो. दोघे जिवंत आहेत. बीपचे अर्थ मात्र बायोसच्या कंपनीप्रमाणे बदलतात. अवॉर्ड बायोसवर एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्लेचा दोष, तर एएमआयवर डिस्प्लेच्या मेमरीसाठी आठ आखूड. आपल्या बोर्डाचं मॅन्युअल बघितल्याशिवाय कुणाचाही तक्ता लावू नये.

‘रॅम खोडरबरने घासा.’

हा सल्ला टिकून आहे, कारण त्याने मशीनं खरंच सुरू होतात. पण बहुतेक वेळा काम रबर करत नाही. रॅम काढून पुन्हा नीट बसवताना संपर्कावरचा थर घासला जातो, त्यानेच भागतं. त्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ असतो आणि रबर तो खरवडतं. वर त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडला तर नवीच कटकट. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा, स्लॉटमधली धूळ उडवा, एकच पट्टी लावून एकेका स्लॉटमध्ये बघा. आणि त्याआधी मुख्य केबल काढा. मशीन ‘बंद’ असलं तरी स्टँडबायचे ५ व्होल्ट बोर्डावर असतातच.

‘सेल बदला, नाहीतर फॉरमॅट मारा.’

हे दोन मुद्दे मी मुद्दाम एकत्र घेतो, कारण यांच्या साखळीतच लोकांचा डेटा जातो.

बोर्डावरचा गोल सेल बहुधा सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा. तो घड्याळ चालू ठेवतो आणि जुन्या बोर्डांत बायोसची सेटिंगं सांभाळतो. तो संपला तरी बहुतेक बोर्ड सुरू होतात, फक्त तारीख मागे जाते आणि सेटिंगं जुळत नसल्याची (चेकसमची) तक्रार पडद्यावर येते. सेल काढल्याने सेटिंगं मूळ जागी येतात, आणि बिघाड एखाद्या बिघडलेल्या सेटिंगमुळे असेल तर मशीन सुरू होतं, हे खरं. पण त्याच कारणाने उलटंही घडतं.

माझ्या मावशीकडे विंडोज ७ चं मशीन होतं. सेल संपला, कुणीतरी बदलून दिला, आणि मशीन विंडोजचं चिन्ह दाखवून निळ्या पडद्यावर जाऊ लागलं. कोडच्या शेवटी ७बी. ‘विंडोज उडालं, फॉरमॅट करावं लागेल’ असं तिला सांगण्यात आलं. ते ७बी म्हणजे ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ : विंडोजला स्वतःचीच डिस्क वाचता येत नव्हती. विंडोज टाकलं तेव्हा बायोसमध्ये साटाची (डिस्कच्या जोडणीची) पद्धत एएचसीआय होती, सेल गेल्यावर ती मूळच्या, जुन्या आयडीई पद्धतीवर आली. बायोसमध्ये जाऊन ती पुन्हा एएचसीआय केली, सेव्ह केलं, आणि तिचा डेस्कटॉप होता तसा समोर आला, पंधरा वर्षांच्या फोटोंसकट. ‘मी तर हो म्हणणार होते रे,’ एवढंच ती म्हणाली. निळा पडदा आणि मागे गेलेली तारीख एकत्र दिसली तर कुणालाही डिस्क पुसू देऊ नका.

आणि ज्या मशीनला डिस्प्लेच नाही, त्यात फॉरमॅटचा प्रश्न येतोच कुठे? बोर्डाची स्वतःची तपासणी पूर्ण झाल्यानंतरच डिस्कवरचं विंडोज वाचलं जातं. त्याआधीच अडलेलं मशीन विंडोज बदलून सुटत नाही.

‘डेटा गेला समजा.’

का समजायचं? फायली डिस्कवर असतात, आणि बोर्ड खरोखर जळला तरी डिस्क बहुधा शाबूत असते. ती काढून दुसऱ्या मशीनला किंवा यूएसबी ॲडॉप्टरने जोडता येते. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, तेव्हा स्वतःचा पॉवर असलेलाच ॲडॉप्टर घ्यावा. जुनी ४० पिनांची आयडीई डिस्क असेल तर तिच्या जोडणीचा. अपवाद दोन. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) लावलेलं असेल तर रिकव्हरी की लागेल. आणि डिस्क टकटक आवाज करत असेल तर ती पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका, दर वेळी नुकसान वाढू शकतं.

बोर्ड जातच नाहीत, असं माझं म्हणणं नाही. जातात, आणि ते डोळ्यांनी दिसतंही. १९९९ ते २००७ च्या सुमारास बनलेल्या कितीतरी बोर्डांवर सदोष कपॅसिटर बसले होते. प्रोसेसरभोवतीच्या त्या नळकांड्यांची डोकी सपाट असायला हवीत. फुगलेली असतील किंवा वर तपकिरी चिकट डाग असेल तर ते गेले. सोल्डरिंग येणारा माणूस तेही बदलून देतो : तेवढ्याच क्षमतेचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, कमी ईएसआर (अंतर्गत रोध) असलेले, १०५ अंश तापमान सोसणारे. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला ही अडचण खरी आहे, पण ती सॉफ्टवेअरची. त्या दिवशी कुणाचा बोर्ड जळला नाही.

सगळं काढून फक्त बोर्ड, प्रोसेसर आणि त्याचा पंखा, एक रॅम, माहीत असलेला चांगला सप्लाय आणि डिस्प्ले एवढंच ठेवलं, दुसऱ्या मशीनवर चालणारी रॅम लावून पाहिली, आणि तरीही हालचाल नाही, तर मी बोर्ड किंवा प्रोसेसर गेला असं म्हणतो. मग डिस्क काढून घेतो, रॅम आणि सप्लाय बाजूला ठेवतो, सेल काढतो, आणि उरलेला बोर्ड ई-कचऱ्यात देतो.