निसर्गमित्र साहेब, उसाचं तेवढं बोलायला नको होतं

निसर्गमित्र साहेब, (बाई असाल तर राग मानू नका, टोपणनावावरून कळायला मार्ग नाही)

मोगरा, बोगनवेल आणि जास्वंद यांची उन्हाळी बहराआधीची छाटणी संक्रांतीच्या आसपास उरकून घ्या आणि कापावर हळद लावा, एवढंच माझ्या मागच्या पोस्टमध्ये होतं. त्यावरची आपली लांबलचक प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: वसंतात फुलणारं झुडूप फुलण्याआधी छाटायचं नसतं, कारण कळ्या गेल्या वर्षीच्या फांदीवर धरलेल्या असतात, कापावर हळद लावणं अशास्त्रीय, फोटोतली सिकेटर (छाटणीची कात्री) गंजलेली, अनंताच्या झाडाबद्दल लेखक गप्प का, आणि जाता जाता, 'कोल्हापूरकरांना झुडूप काय आणि ऊस काय, दिसेल ते बुडापासून तोडायचं एवढंच माहीत.'

सिकेटर गंजलेली होती, मान्य. नजर बारीक आहे तुमची. गंजक्या पात्याने साल चेचते, काप स्वच्छ येत नाही, हे बरोबरच. फोटोपुरती जुनी हातात घेतली होती, कामाची वेगळी आहे. असो.

आता उसाचं. प्रतिक्रियेतलं बाकी सगळं मी शांतपणे वाचलं, हे वाक्य मात्र नाही. आमच्या वडिलांचा कोल्हापूरजवळच्या वडणगेत ऊस होता. कॉलेजात असताना मी स्वतः खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या पिकात) राबलोय, त्यामुळे 'बुडापासून तोडायचं' ही अक्कल किती महाग असते ते सांगतो. ऊस गेला की मागे बुडखे राहतात. ते तसेच सोडले तर वरच्या डोळ्यांतून (कांड्यावरच्या अंकुरांतून) कोंब येतात, त्यांना जमिनीत नीट मूळ धरता येत नाही आणि खोडवा पहिल्यापासूनच मार खातो. म्हणून ते बुडखे धारदार कोयत्याने पुन्हा जमिनीलगत छाटायचे, म्हणजे फुटवा जमिनीखालच्या डोळ्यांतून येतो. कोयता बोथट असेल तर बुडखा फाटतो. वडील वाकून एकेक बुडखा बघत आणि कुठे फाटलेला दिसला तर गड्याला नाही, मला बोलत. डोळा कुठे आहे आणि फूट कुठून हवी, हे ठरवूनच पातं चालवायचं. छाटणीचं शास्त्र म्हणतात ते याहून वेगळं काय असतं, ते आपणच सांगावं.

ज्याच्या घरी ऊस असतो त्याला झाडाची माया नसते, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आमच्या आईने परड्यात लावलेल्या मोगऱ्याच्या दाबकलमाची रोपं आज राजारामपुरीत माझ्या गच्चीवर आहेत. ती बाई दर पौषात पाणी तोडायची, पानं पिवळी पडू द्यायची आणि मग विळ्याने दीड फुटावर कापायची. शेजारणी हळहळायच्या, तुमच्यासारख्याच. चैत्रात त्याच शेजारणी फुलं मागायला दारात. आईने बागकामाचा कुठला कोर्स केला नव्हता, हे तुमच्या माहितीसाठी.

राहता राहिला फुलण्याआधी न छाटण्याचा तुमचा नियम. तो खोटा नाही, पण तो मुळात थंड मुलखातला आहे. फोर्सिथिया, लायलॅक, अझेलिया ही झुडपं उन्हाळ्यातच पुढच्या वर्षीच्या कळ्या तयार करून ठेवतात. हिवाळ्याच्या शेवटी कात्री लावली की वसंतातली फुलं गेली. म्हणून तिकडे त्यांची छाटणी फुलून झाल्यावर करतात. तिकडच्या कुठल्या तरी व्हिडिओत तुम्ही हेच पाहिलं असणार. मोगरा मात्र नव्या फुटीवर फुलतो. काप घेतल्यावर जोडपानांच्या बेचक्यात बघा, मोहरीएवढा हिरवा डोळा फुगायला लागतो. एका कापाखालून समोरासमोर दोन कोंब निघतात आणि कोंबाच्या टोकाला बहुतेक तीन कळ्या एकत्र दिसतात, मधली आधी उमलते. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून धरतं. शेंडा गेला की ते डोळे सुटतात. कोंब जास्त म्हणजे टोकं जास्त, आणि टोकं जास्त म्हणजे गजरा मोठा. मार्चपासून बघा, महाद्वार रोडवर गजरे घेऊन बसणाऱ्या बायकांच्या पाट्या भरलेल्या असतात. ती सगळी फुलं न छाटलेल्या झाडांची असतात असं तुम्हाला वाटतं का?

बोगनवेलही नव्या फुटीवरच फुलते. जास्वंद तर वर्षभर. मी तीनच नावं घेतली होती आणि तिन्ही याच जातकुळीतली. कुंदाला जानेवारीत हात लावा असं मी कुठेही लिहिलेलं नाही, तेव्हा तो ऐन फुलात असतो. ज्याने त्याने आपल्या झाडाकडे बघून ठरवावं, एवढी अपेक्षा वाचकाकडून ठेवली तर चुकलं कुठे?

अनंत वेगळा. त्याची छाटणी बहर संपल्यावर लगेच, नाहीतर पुढच्या कळ्या जातात. तुमचा नियम तिथे लागू पडतो, पण ती पोस्ट अनंतावर नव्हती.

हळदीवर वाद घालायला मला वेळ नाही. ज्यांना हळद नको त्यांनी बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) करावी: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 1 लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं कालवून मग एकत्र करायचं, लोखंडी बादली वापरायची नाही. जाड कापावर ब्रशने लावायची. बारीक काड्यांना हळदही नको आणि पेस्टही नको, त्या आपोआप सुकतात.

बाकी 'पुस्तकं वाचा' हा सल्ला पोचला. तुमच्या बाल्कनीतल्या न छाटलेल्या मोगऱ्याचा फोटो मे महिन्यात जरूर टाका, तो मी इथे लावतो. प्रतिक्रिया मी उडवणार नाही, तशीच राहू दे. पुढच्या वेळी मात्र स्वतःच्या नावाने लिहा, आणि गावावर घसरू नका.